आपापल्या चाव्या सांभाळा

बायकोचं गेल्या तीस वर्षांचं एकच गाऱ्हाणं. "तुम्ही त्या किल्ल्याच्या गावात गाईड होतात म्हणून दहा जणांना सांगता, आणि मला एकदा घेऊन जात नाही." मी कारणं देत आलो. चढ फार आहे, तुझे गुडघे दुखतील, गर्दी असते, आता पूर्वीचं काही राहिलं नाही. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. यंदा मी शाळेतून निवृत्त झालो. तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवून घसा बसवून घेतला आणि घरी येऊन बसलो, तर आठवड्याभरात तिने मला न विचारता दोन तिकिटं काढली. "आता सबब सांगाल तर मी एकटी जाईन," म्हणाली. गेलीच असती. तिला मी चांगला ओळखतो.

तर मंगळवारी सकाळी आम्ही बसमधून उतरलो. संध्याकाळी पाचच्या बसने परतायचं होतं, कारण तिच्या नोकरीची अजून दोन वर्षं बाकी आहेत आणि बुधवारी तिला हजर व्हायचं होतं. मी मनात हिशेब केला, सहा तास काढायचे आहेत. सहा तास काय, माणूस दाताच्या डॉक्टरकडेही काढतो.

गाव होतं तिथेच होतं. खाली कोरडा खंदक, त्यावर पूल, पुढे मोठा दरवाजा, आत दगडी फरसबंदीची एकच चढती गल्ली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना अरुंद घरं, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. पूर्वी त्या घरांत माणसं राहायची. आता खाली दुकानं आणि वर पाहुण्यांना द्यायच्या खोल्या झाल्यात. टोपीवाला, घड्याळवाला, चित्रांची कार्डं विकणारा. बायको प्रत्येक खिडकीत डोकावत चालली होती आणि मी डोकं खाली घालून फरशा मोजत होतो.

"अहो, चेहरा का असा पाडलाय? तुमचंच गाव ना हे?"

"चढ आहे," मी म्हणालो.

आम्हाला लाल टोपीवाला गाईड मिळाला. चाळिशीचा असेल, आवाज खणखणीत. बरोबर वीसेक माणसं. मोठा दरवाजा झाला, विहीर झाली, धान्याचं कोठार झालं. सांगत होता बरं, उगीच नावं ठेवणार नाही. मग तो आम्हाला वळवून तटाच्या कडेने दिंडी दरवाजाशी घेऊन आला, आणि मी घोळक्याच्या मागे सरकलो.

दिंडी दरवाजा म्हणजे तटातलं लहान दार. एका वेळी एक माणूस वाकून जाईल एवढं. त्याच्या शेजारून बुरुजावर जायचा जिना निघतो. जिना इतका अरुंद की वर गेलेला घोळका खाली उतरल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक गाईडला इथे थांबावं लागतं. सात मिनिटं, कधी आठ. आणि सात मिनिटं गप्प उभा राहिला तो गाईड कसला? लोक घड्याळ बघायला लागतात, पोरं रडायला लागतात, एखादा म्हणतो, चला, आधी चहा घेऊ. त्या सात मिनिटांत सांगायला तिथे काही नव्हतं. एक बंद दार, एक तट, आणि समोर कुलूपवाल्याचं घर.

लाल टोपीवाल्याने घराकडे पाठ केली, आवाज उतरवला.

"वेढ्याला चार महिने झाले होते," तो म्हणाला. "बाहेर शत्रू, आत उपासमार. पण दार तुटेना. आणि या दाराचं कुलूप कोणी बनवलं होतं? या घराने. समोरच्या." इथे तो थांबला. मग बारीकसा खोकला. "एक चावी किल्लेदाराकडे होती. पण चावी बनवणाऱ्याला दुसरी बनवायला कितीसा वेळ लागतो?"

तो खोकला माझा होता.

म्हणजे काय ते सांगतो. मी सव्वीस वर्षांचा असताना दोन हंगाम इथे गाईड होतो, आणि पहिल्या हंगामात मला महिनाभर खोकला होता. त्या जागी मला रोज खोकला यायचा, आणि लोक तिथेच श्वास रोखायचे, म्हणून खोकला गेल्यावरही मी तो चालू ठेवला. आमच्या धंद्यात शिकायची रीत एकच. नवा माणूस तीन दिवस जुन्याच्या मागे फिरतो आणि ऐकतो ते शब्द न शब्द पाठ करतो. माझ्या मागे एकजण फिरला, त्याच्या मागे दुसरा. खोकल्यासकट गोष्ट इथवर आली होती.

"रात्रीतून दुसरी चावी तयार झाली, शत्रूच्या हातात पडली आणि पहाटे गाव पडलं. तेव्हापासून, मंडळी, या घरासमोरून जाताना एक पद्धत आहे." लाल टोपीवाल्याने दोन्ही हात खिशांवर ठेवले. "आपापल्या चाव्या सांभाळा."

वीस माणसांनी हसत हसत खिसे चाचपले. माझ्या बायकोने पर्स छातीशी धरली आणि तीही हसली. "किती रंगवून सांगतो हो," ती माझ्या कानाशी म्हणाली. "तुम्हीही असंच सांगायचात का?"

समोर कुलूपवाल्याच्या दारात एक बाई बाकाशी बसून कानशीने काहीतरी घासत होती. तिने मान वर केली नाही. घासणं थांबवलंही नाही.

ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटी आहे. मी ती एका दुपारी उभ्या उभ्या बनवली. वेढा खरा, पण विहीर आटली म्हणून किल्लेदाराने स्वतःच मोठा दरवाजा उघडला होता, तशी दप्तरात नोंद आहे. आणि कुलूपवाल्याच्या चौकटीवर घर बांधल्याचं साल कोरलेलं आहे, वेढ्यानंतर दोनशे वर्षांचं. ज्याला वजाबाकी येते त्याला कळावं. पण उन्हात उभा राहिलेला माणूस वजाबाकी करत नाही, गोष्ट ऐकतो.

मला ती सुचली कशी, ते सांगायची लाज वाटते. त्याच आठवड्यात मी खोलीची चावी आत ठेवून दार ओढून घेतलं होतं. थंडीने कुडकुडत कुलूपवाल्याकडे गेलो. तो जेवत होता. हात धुऊन उठला, माझ्याबरोबर आला, अर्ध्या मिनिटात दार उघडून दिलं. काही घेतलं नाही. "पोरा, चावी गळ्यात बांधत जा," एवढंच म्हणाला. मी बघतच राहिलो, याला कुठलंही दार उघडता येईल. बस, एवढ्यावरून. त्याने माझं दार उघडलं आणि चार दिवसांनी मी त्याला फितूर करून टाकलं.

सुरुवातीला तोही हसायचा, हे खरं आहे. मी "चाव्या सांभाळा" म्हटलं की तो दारातून हातातला चाव्यांचा जुडगा खुळखुळवायचा, लोक खूश व्हायचे. बत्तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की तोच हसत होता, मग माझं काय चुकलं. दुसऱ्या हंगामात त्याने जुडगा खुळखुळवणं बंद केलं. मग तो दार अर्धं लोटून बसायला लागला. ते मी पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं, हंगाम संपवला, मास्तरची नोकरी मिळाली आणि गेलो.

बुरुजावरून बायकोने सगळा मुलूख पाहिला. मी खाली त्या घराचं छप्पर पाहत होतो.

खाली आल्यावर घोळका पांगला. बायकोला पुस्तिका घ्यायची होती, ती तिकिटाच्या खिडकीकडे गेली. मी म्हणालो, पाय मोकळे करतो. आणि सरळ त्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. शेवटी भित्रा माणूस करतो तेच केलं, खिशातून घरची चावी काढली आणि म्हणालो, "हिची डुप्लिकेट होईल का?"

बाईने चावी घेतली, उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं. पंचेचाळिशीची असेल. बोटांच्या पेरांत काळी रेघ, कानशीचं काम करणाऱ्यांच्या असते तशी.

"होईल. बसा."

दुकान तेच होतं, फक्त निम्मं झालेलं. एका भिंतीवर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, दुसऱ्या भिंतीवर छत्र्या आणि कात्र्या. बाकावरच्या पकडीत तिने माझी चावी आणि कोरी चावी शेजारी शेजारी आवळल्या.

"मशीन नाही?" मी विचारलं.

"मशीन घेण्याइतक्या चाव्या येत नाहीत. गावातलं कोणी देत नाही. तुमच्यासारखं बाहेरचं एखादं येतं, तेही गंमत म्हणून. छत्र्यांवर चालतं." ती घासायला लागली. "आता किल्ल्याच्या बेचाळीस कुलपांचं काम निघालंय. सगळी जुनी, सगळी हातानेच करायची. मी अर्ज केलाय. शुक्रवारी कमिटी ठरवणार."

"मग मिळेल की. हातकाम करणारं दुसरं कोण आहे इथे?"

"कोणी नाही. पण अर्ज द्यायला गेले तेव्हा कमिटीच्या साहेबांनी खिशावर हात ठेवला." ती हे अगदी सहज म्हणाली. "वाईट नाहीत ते. सवय झालीय सगळ्यांना."

मी म्हणालो, "बाई, ती गोष्ट खोटी आहे. मी बनवलेली आहे. मी इथे गाईड होतो, बत्तीस वर्षांपूर्वी. वेळ भरायला काही नव्हतं म्हणून मी ती बनवली. तुमच्या घरातल्या कोणी काही केलेलं नाही. चूक माझी आहे, आणि मी तोंड लपवून बसलो."

कानशीचा आवाज थांबला नाही. खर्र, खर्र, फुंकर, पुन्हा खर्र. पितळेचा कीस तिच्या मांडीवर पडत होता. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुम्हीच ते. मी अकरा-बारा वर्षांची होते. तुम्ही पहिल्यांदा सांगितलीत तेव्हा मी याच उंबऱ्यावर बसले होते. मला आवडली होती गोष्ट. आमच्या घराची गोष्ट म्हणून मी शाळेत सांगितली." ती किंचित हसली, आणि ते हसू मला मुस्काटात मारल्यापेक्षा जास्त लागलं. "मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी खालच्या गल्लीत एक घर फुटलं. कुलूप न तोडता. चोर नंतर सापडला, त्यांच्याच घरचा भाचा निघाला. पण तोवर महिना गेला होता, आणि त्या महिन्यात लोकांनी कुलपं बदलून घेतली, ती बाहेरगावहून. पुन्हा कोणी बाबांकडे आलं नाही. उघड कोणी काही बोललं नाही हं. आले नाहीत, एवढंच."

"तुम्ही सांगितलं नाही कोणाला, की ही बनवलेली आहे?"

"सांगितलं. पण कुलूपवाल्याची पोरगी दुसरं काय सांगणार?"

ती पकडीतून चाव्या सोडवून दोन्ही एकावर एक ठेवून उजेडात पाहत होती.

"तेही चाललं असतं," ती म्हणाली. "पण बाबा शेवटी आजारी होते तेव्हा मला विचारायचे. अगं, खरंच असेल का गं? आपल्यातल्या कोणी केलं असेल का तसं? मी म्हणायचे, बाबा, ती त्या खोकणाऱ्या पोराची गोष्ट, तुमच्यासमोर बनवली त्याने. ते म्हणायचे, हो हो, खरंच की. आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचे. तसेच गेले."

मला रडू आलं, आणि रडायचा हक्क माझा नव्हता, म्हणून ते गिळलं. मी म्हणालो, कमिटीला पत्र लिहून देतो, सही करतो, इतिहासाचा शिक्षक म्हणून माझ्या शब्दाला काही वजन असेल.

"लिहा, तेही लिहा. पण कागद कोण वाचतं? आणि मला कशाला सांगताय, मला माहीतच होतं. तुम्ही गोष्ट तिथे उभं राहून सांगितलीत, मोठ्याने." तिने कानशीने दाराबाहेर दाखवलं. "परतही तिथेच घ्या. आत्ता दोनचा घोळका येईल."

मी बाहेर आलो तर बायको समोरच्या कट्ट्यावर पुस्तिका उघडून बसलेली. "पान एकवीसवर आहे ती गोष्ट," ती म्हणाली. "लोकपरंपरेनुसार, असं लिहिलंय."

"ती लोकपरंपरा म्हणजे मी," मी म्हणालो, आणि तिला सगळं सांगितलं. तिथेच, उभ्या उभ्या. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे आमच्या संसारात पहिल्यांदाच घडलं. सांगून झाल्यावर तिने मांडीवरची पर्स उचलून बाजूला कट्ट्यावर ठेवली.

"आणि मीही हसले," ती म्हणाली. "जा. आला बघा तो."

लाल टोपीवाला नवा घोळका घेऊन आला. मी त्याला पुरी गोष्ट सांगू दिली, मध्ये तोडली तर लोक चिडतात हे मला ठाऊक आहे. खोकला झाला, खिसे चाचपून झाले, आणि हसणं ओसरायच्या आत मी पुढे झालो. चाळीस पोरांच्या वर्गात लावायचो तो आवाज लावला. म्हणालो, "मंडळी, एक मिनिट. ही गोष्ट खोटी आहे. ती मी बनवली, मी इथे गाईड असताना. किल्लेदाराने पाणी संपलं म्हणून स्वतः दार उघडलं. आणि हे बघा, या चौकटीवरचं साल बघा. हे घर वेढ्यानंतर दोनशे वर्षांनी बांधलंय. इथल्या माणसांनी काहीही केलेलं नाही."

लोक चौकटीकडे बघायला लागले. एकाने ओठ हलवत वजाबाकीही केली, मी पाहिलं. क्षणभर वाटलं, जमलं.

लाल टोपीवाला जराही गडबडला नाही. तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर आहे साहेबांचं. साल नंतरचंच आहे. कारण जुनं घर गावाने जाळलं, मंडळी. फितुरी कळल्यावर. हे त्याच जागी नंतर बांधलेलं." मग माझ्याकडे मान कलवून लोकांना म्हणाला, "या घराला अजूनही वकील मिळतात बघा. जपून, साहेबांनाही चावी दिली असेल."

सगळे खदखदून हसले. एका बाईने कौतुकाने चौकटीचा फोटो काढला. तेवढ्यात वरचा घोळका उतरला आणि हे सगळे जिन्यात शिरले.

मला त्याचा राग आला नाही, ही सगळ्यात वाईट गोष्ट. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि एवढ्याच झटक्यात. पण आता जळलेलं घरही आलं होतं. उद्या त्याच्या मागे फिरणारा नवा माणूस तेही पाठ करणार. तोंड उघडून मी या घराच्या डोक्यावर आणखी एक आग ठेवली होती.

दुकानात गेलो. ती मांडीवरचा कीस झटकत होती.

"ऐकलंत ना?" मी म्हणालो. "हसले."

"हसणारच. पहिल्या दिवशीही हसलेच होते." तिने दोन्ही चाव्या बाकावर ठेवल्या. "तेव्हा तुम्ही एकदा सांगून थांबला नव्हतात. दोन हंगाम सांगितलीत. दिवसाचे सात-आठ घोळके." मग तिने फडक्याला हात पुसले आणि म्हणाली, "सकाळी पहिला अकराला येतो."

मी बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती. वाटलं, आता बसची आठवण करून देईल, आणि खरं सांगायचं तर तशी आशाही होती. मी असाच आहे.

"मला उद्या हजर व्हायचंय," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे जायचंय? निवृत्त माणूस तुम्ही. बस स्टँडजवळ लॉज आहे, मी येताना पाहिलं. घशाच्या गोळ्या घेऊन ठेवा."

मग तिने बाकावरच्या दोन चाव्यांकडे पाहिलं. जुनी गुळगुळीत, नवी पिवळीधमक. मला वाटलं ती जुनी उचलेल. रात्री आठला एकटी घरी पोचणार, दार उघडलं नाही तर काय करणार? तिने नवी उचलली, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन लावली.

"ही मी नेते. जुनी तुमच्याकडे राहू द्या."

"लागेल ती कुलपाला," कुलूपवाली म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज जरा हलला.

"लागणारच," बायको म्हणाली, आणि पुलाकडे उतरायला लागली.

रात्री सव्वाआठला लॉजवर तिचा फोन आला. एका फेऱ्यात उघडलं, म्हणाली, आणि ठेवून दिला. मी कमिटीला चार पानी पत्र लिहिलं, सालांसकट, खोकल्यासकट. शुक्रवारी काय होईल ते मला माहीत नाही.

बुधवारी पावणेअकराला मी दिंडी दरवाजाशी जाऊन उभा राहिलो. ती दारात बसून छत्रीची काडी वाकवत होती. आमची नजरानजर झाली. गल्लीतून पहिला घोळका वर येताना ऐकू आला आणि मी घसा साफ केला, मग लक्षात आलं, आता खोकायचं नाही. सात मिनिटं मिळतात. सात मिनिटांत काय काय करता येतं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.